‘ब्रेक फेल’ या दोन शब्दांचा इतिहास: खानदेशचे घाट आणि ट्रकचा ब्रेक

माझा पीएचडीचा विषय खानदेशातल्या रस्त्यावरच्या मालवाहतुकीचा इतिहास आहे असं सांगितलं, की जळगाव-धुळ्याकडची मंडळी दोनच प्रश्न विचारतात. पहिला, “यावर पण पीएचडी होते का?” दुसरा, “मग सांगा, गाडीचा ब्रेक चांगला करून घ्यायचा असेल तर काय बसवावं?” पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझे गाईड देतील. आज दुसऱ्याबद्दल लिहितो.

उत्तर मी इतिहासातून देणार आहे, कारण माझ्याकडे तेवढंच भांडवल आहे. पण थोडा धीर धरून वाचलंत तर गॅरेजमध्ये गेल्यावर कुठला प्रश्न आधी विचारायचा ते तुमचं तुम्हालाच कळेल. सगळ्या लेखाचा सारांश आत्ताच सांगून टाकतो. ब्रेकच्या इतिहासात दोन वेगळे प्रश्न आहेत. एक, चाक दाबून धरायला जोर कुठून आणायचा? दोन, दाबल्यावर जी उष्णता तयार होते ती टाकायची कुठे? पहिला प्रश्न माणसानं फार छान सोडवला. दुसरा अर्धवट राहिला. आणि खानदेशात जे ट्रक उलटतात, धडकतात, ते बहुतेक या दुसऱ्या प्रश्नावर अडकलेले असतात.

आधी नकाशा बघू

खानदेश म्हणजे तापीचं खोरं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, मधे काळी सपाट जमीन. एखादी मोठी परात डोळ्यासमोर आणा, काठ उंच आणि मध्य खोल. जळगाव ते भुसावळ किंवा धुळे ते पारोळा गाडी चालवताना घाट आठवतही नाही. पण बाहेरून खानदेशात यायचं तर कुठल्या ना कुठल्या काठावरून खाली उतरावंच लागतं.

इंदूरकडून येताना सेंधव्यानंतर बिजासन घाट उतरून शिरपूर तालुक्यात येता. औरंगाबादकडून (आता छत्रपती संभाजीनगर) येताना कन्नडचा औट्रम घाट उतरून चाळीसगावात येता. सुरतेकडून येताना कोंडाईबारी लागते. यातले बिजासन आणि औट्रम हे दोन्ही घाट आज एकाच राष्ट्रीय महामार्गावर आहेत, क्रमांक ५२. हा एकच रस्ता खानदेशच्या दोन्ही काठांवरून खाली येतो.

औट्रम हे नाव जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं. १८२५ पासून तो खानदेशात होता, भिल्ल पलटण त्यानं उभी केली, धरणगावला तिचं ठाणं होतं. म्हणजे या घाटाचं नाव ट्रकपेक्षा कितीतरी जुनं आहे. आखणीचा मूळ विचारही जुनाच, बैल आणि घोड्यांच्या काळातला. रस्ता नंतर रुंद झाला, डांबरी झाला. डोंगराची उंची मात्र तेवढीच राहिली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घाटाचा हिशोब

आता थोडं शाळेतलं विज्ञान. घाबरू नका, गुणाकार-भागाकाराच्या पुढे जात नाही.

समजा १६ टन वजनाचा ट्रक ३०० मीटर उंचीवरून खाली उतरतोय. वर असताना त्याच्याकडे जी ऊर्जा होती ती खाली येईपर्यंत कुठेतरी गेली पाहिजे. ती भरते साधारण ४७ मेगाज्यूल. आकडा डोक्यात बसत नाही ना? मग असं बघा. एवढ्या उष्णतेत साधारण १५० लिटर गार पाणी उकळीपर्यंत येईल. दुसरी तुलना: तोच ट्रक सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगानं जाताना एकदा पूर्ण थांबवला, तर ब्रेकमध्ये साधारण सव्वादोन मेगाज्यूल उष्णता जाते. म्हणजे एक घाट उतरणं हे ६० च्या वेगावरून लागोपाठ २१ वेळा गाडी थांबवण्यासारखं आहे, मधे ब्रेक गार व्हायला वेळ न देता.

अजून एक. हा घाट ६ किलोमीटरचा धरा आणि ट्रक ताशी ३० नं उतरतोय असं समजा. लागतात १२ मिनिटं. त्या १२ मिनिटांत दर सेकंदाला ६५ किलोज्यूलच्या, म्हणजे ६५ किलोवॉटच्या हिशोबानं उष्णता बाहेर पडते. घरातले दोन किलोवॉटचे ३२ गिझर एकदम चालू केल्यासारखं. अश्वशक्तीत सांगायचं तर साधारण ८८. टाटाच्या जुन्या १६१२ मॉडेलचा आकडा ढोबळमानानं सांगतो की गाडी १६ टनांची आणि इंजिन १२० अश्वशक्तीच्या आसपासचं. याचा अर्थ, चढताना इंजिन पूर्ण ताकदीनं जे काम करतं त्याच्या जवळपास पाऊण काम उतरताना कुणीतरी उलटं करायचं असतं. यातला काही भाग टायरचं घर्षण आणि वारा खातात. उरलेलं इंजिननं खाल्लं तर ठीक. नाहीतर सगळं ब्रेकच्या ड्रमवर.

चढताना इंजिन कमी पडलं तर गाडी थांबते. उतरताना ब्रेक कमी पडला तर गाडी थांबत नाही. घाटाचा अन्याय एवढाच.

जोराचा इतिहास

साध्या बैलगाडीला उतारावर बैलच ब्रेक असतात. जू मागे रेटून ते गाडी अडवतात. फारच उतार असला तर चाक दोरानं बांधायचं, लाकूड दाबून धरायचं, मागे ओंडका ओढत न्यायचा, हे प्रकार जगभर चालत.

मग रेल्वे आली. मुंबईहून भुसावळकडे येणाऱ्या रुळांना आधी कसाऱ्याचा थळघाट पार करावा लागतो, तिथला चढ ३७ फुटांना एक फूट. सुरुवातीला गाडीच्या वेगवेगळ्या डब्यांवर ब्रेक लावायला माणसं असत आणि ती हातानं ब्रेक आवळत. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसनं १८६९ मध्ये हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक काढला. पण त्याची खरी कमाल १८७२ ची आहे. आधीच्या ब्रेकमध्ये हवा भरली की ब्रेक लागे, म्हणजे नळी फुटली की ब्रेक गेला. नव्या रचनेत त्यानं उलटं केलं: नळीतला दाब कमी झाला की ब्रेक आपोआप लागतो. बिघाड झाला तर गाडी थांबण्याच्या बाजूनं बिघडावी, सुटण्याच्या बाजूनं नाही, हा विचार तिथून आला.

रेल्वेनं घाटात आणखी एक गोष्ट केली. बोरघाट आणि थळघाटात कॅच सायडिंग बांधल्या. गाडी आवरत नसेल तर तिला बाजूच्या चढत्या रुळावर वळवून थांबवायचं. रेल्वेनं पहिल्यापासून मान्य केलं होतं की ब्रेक कमी पडू शकतो, आणि त्यासाठी जमीन, रूळ, माणसं असा खर्च केला. रस्त्यावरच्या घाटांना अशी बाजूची वाट क्वचितच मिळाली. तिथे सगळी जबाबदारी गाडी चालवणाऱ्याच्या पायावर.

मोटारी आल्या त्या सळया आणि केबलच्या ब्रेकसह. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. १९२० च्या दशकात अमेरिकेत तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक रुळायला लागला होता, क्रायस्लरनं तो १९२४ मध्ये आणला. फोर्डच्या मोटारींना मात्र तो मिळायला १९३९ चं मॉडेल उजाडलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेले शेव्हर्ले, फोर्ड, डॉज ट्रक देशभर मालवाहतुकीत उतरले. ‘ऑइल ब्रेक’ हा शब्द गॅरेजच्या मराठीत रुजला तो या गाड्यांच्या पिढीत.

तेलाच्या ब्रेकचा फायदा म्हणजे सगळ्या चाकांना सारखा दाब जातो. तोटा म्हणजे एक नळी गेली की पेडल थेट जमिनीला. शिवाय पायाचा जोर मर्यादित, म्हणून आधी व्हॅक्यूमचा आणि मग हवेचा बूस्टर मदतीला आला.

१९५४ ते १९६४: दहा वर्षांत सगळं

आपल्याकडचा मोठा बदल एका दशकात झाला. १९५४ मध्ये जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेंझचे ट्रक बाहेर पडू लागले. पण ट्रक बनवणं वेगळं आणि त्याचा ब्रेक बनवणं वेगळं. १९६२ मध्ये मद्रासला टीव्हीएस समूहाच्या दोन कंपन्या उभ्या राहिल्या: ब्रिटनच्या क्लेटन ड्युआंड्रेबरोबर सुंदरम-क्लेटन, जिनं भारतात एअर ब्रेकचं उत्पादन सुरू केलं, आणि गर्लिंगच्या तंत्रावर ब्रेक्स इंडिया. १९६४ मध्ये रेन ब्रेक लायनिंग्ज आली. दहा वर्षांत ट्रक, ब्रेक आणि ब्रेकचं लायनिंग तिन्ही देशात बनायला लागलं.

हळूहळू जड गाड्या पूर्ण एअर ब्रेकवर गेल्या. इंजिनवरचा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो. पेडल दाबलं की ती हवा चाकाजवळच्या डब्यात जाते, डायाफ्राम सळई ढकलतो, सळई स्लॅक ॲडजस्टर फिरवते, तो एस आकाराचा कॅम फिरवतो आणि शू ड्रमवर दाबले जातात. पायाचा जोर आता फक्त झडप उघडायला लागतो. क्लीनरच्या वयाचं पोरगंसुद्धा १६ टनांचा ट्रक अडवू शकेल एवढा जोर पेडलखाली आला.

पुढे पार्किंगला स्प्रिंग ब्रेक आला. यात हवा स्प्रिंगला दाबून ठेवते. हवा गेली की स्प्रिंग मोकळी होते आणि चाक आवळलं जातं. वेस्टिंगहाउसचा १८७२ चा विचार अखेर ट्रकपर्यंत पोचला.

इथे जरा थांबा. आपण सर्रास ऐकतो, “हवा उतरली आणि ब्रेक फेल झाला.” स्प्रिंग ब्रेक नीट असलेल्या ट्रकची हवा उतरली तर गाडी जागेवर आवळली गेली पाहिजे. ती सुटायला नको. मग घाटात सुटणाऱ्या गाड्यांचं नेमकं होतं काय?

उष्णतेचा इतिहास

यासाठी इतिहासाचा दुसरा धागा पकडावा लागतो. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस होता. असं सांगतात, की उतारावर शेतकरी गाडीच्या ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटांचं चामडं लावतात हे त्यानं पाहिलं आणि चांगल्या घर्षणाच्या वस्तूचा शोध सुरू केला. १८९७ मध्ये त्यानं जी कंपनी काढली ती म्हणजे फेरोडो. १९०८ च्या सुमाराला त्यानं ॲस्बेस्टॉसचं लायनिंग आणलं, कारण सूत आणि केसांपासून बनवलेलं लायनिंग मोटारीच्या उष्णतेत जळून जाई. म्हणजे सुरुवातीपासून लायनिंगचा प्रश्न उष्णतेचाच आहे. (जाता जाता: ॲस्बेस्टॉसची धूळ कर्करोगाला कारण ठरते. जुन्या गाडीचा ड्रम उघडून हवेच्या पाइपनं धूळ उडवणाऱ्या मिस्तरीला तेवढं नक्की सांगा. ओल्या फडक्यानं पुसता येतं.)

दुसरी गोष्ट अमेरिकेची. १९३१ मध्ये क्लेसी कमिन्स आपल्या डिझेल इंजिनाचा ट्रक घेऊन देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला निघाला होता. कॅलिफोर्नियात कहोन खिंड उतरताना ब्रेक निकामी झाले. खाली रेल्वे फाटक, फाटकावरून मालगाडी चाललेली. शेवटचा डबा पुढे सरकला आणि ट्रक थोडक्यात वाचला. कमिन्स हा इंजिनवाला माणूस. त्यानं पुढे विचार केला तो असा: इंजिन जर गाडी ओढू शकतं तर तेच गाडी अडवू का शकणार नाही? दाबलेली हवा सिलिंडरमधून ऐन वेळी सोडून दिली की इंजिन स्वतःच ब्रेक बनतं. हा इंजिन ब्रेक १९६१ मध्ये जेकब्स कंपनीनं बाजारात आणला. पुण्याला कोथरूडमध्ये किर्लोस्कर-कमिन्स सुरू झाली ती त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये.

मला या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते हे, की मरता मरता वाचलेल्या माणसानं जास्त जोराचा ब्रेक शोधला नाही. त्यानं उष्णता दुसरीकडे पाठवायची वाट शोधली. इंजिनमधली उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सर बाहेर टाकतात, दिवसभर टाकतात. ड्रमला रेडिएटर नसतो.

मग ‘फेल’ म्हणजे काय?

घाटात ड्रम तापला की एकाच वेळी चार गोष्टी होतात.

लायनिंग एका तापमानापलीकडे गेलं की त्याचं घर्षण घटतं. पेडल तेवढंच दाबलं तरी गाडी धरत नाही. जळका वास येतो तो याचाच.

ड्रम फुगतो. ४०० मिलिमीटर व्यासाचा लोखंडी ड्रम ३०० अंशांनी तापला तर तो शूपासून साधारण पाऊण मिलिमीटर लांब जातो. पाऊण मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण कॅम आणि लिव्हरच्या हिशोबात सळईला त्यासाठी सेंटिमीटरभर जास्त पुढे यावं लागतं. सळईचा एकूण प्रवासच पाच-सहा सेंटिमीटरचा. स्लॅक ॲडजस्टर आधीच ढिला असेल तर सळई टोकाला पोचते आणि शू नीट दाबलाच जात नाही. टाकीत हवा भरपूर, काटा हिरव्यात, आणि ब्रेक नाही.

तिसरं, चार चाकांपैकी ज्यांचे ब्रेक नीट लागतात त्यांच्यावर सगळा भार येतो. ती आधी तापतात, मग तीही जातात.

चौथं, ऑइल ब्रेकच्या गाडीत तेल उकळतं. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. पेडल स्पंजासारखं होतं.

स्प्रिंग ब्रेकही याच ड्रमवर याच शूनं लागतो. ड्रम तापलेला असेल तर हँडब्रेक ओढूनही फारसा उपयोग होत नाही. म्हणून म्हणतो, ‘फेल’ हा शब्द फसवा आहे. फेल म्हटलं की अचानक काहीतरी तुटलं असं वाटतं. इथे बऱ्याचदा काहीच तुटलेलं नसतं. गाडी गार झाल्यावर तपासली तर ब्रेक पुन्हा लागतोसुद्धा. बारा मिनिटं तो खर्च होत होता, आणि एका वळणावर संपला.

ब्रेक सुधारला, मग काय वाढलं?

आता मघाचा मुद्दा आठवा: डोंगर तेवढाच राहिला. बाकी सगळं वाढत गेलं.

वजन वाढलं. ओव्हरलोडवर सर्वोच्च न्यायालयाला २००५ मध्ये आदेश द्यावा लागला. २०१८ च्या जुलैत केंद्र सरकारनं कायदेशीर मर्यादाच वाढवली; दोन ॲक्सलच्या ट्रकची १६.२ टनांवरून १८.५ टन झाली. आपल्या ३०० मीटरच्या घाटात ही वाढ म्हणजे जवळजवळ सात मेगाज्यूल जास्त उष्णता.

वेग वाढला. रस्ता चौपदरी झाला की ३० नं उतरणारी गाडी ६० नं उतरते. उताराची एकूण उष्णता तीच, पण ती टाकायला वेळ निम्मा. आणि शेवटी थांबायची वेळ आली तर वेग दुप्पट म्हणजे ऊर्जा चौपट.

घाई वाढली. जळगावची केळी आधी सावदा-रावेरहून रेल्वे वॅगननं दिल्लीकडे जात, पुढे ट्रकनं मोठा वाटा उचलला. केळी थांबत नाहीत. ट्रकमध्येच पिकली तर भाव गेला. खेपेच्या वेळेवर पैसे ठरत असतील तर घाटात दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा तास रांगणं कुणाला परवडणार?

आणि डिझेलचा भाव. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायची सवय त्यातून आली. गंमत अशी, की तीव्र उतारावर त्यानं डिझेल वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटरवर पाय नसेल तर इंजिनला डिझेल जवळपास मिळतच नाही, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळत राहतं. म्हणजे पैसे वाचवायला म्हणून आपण एक फुकटचा ब्रेक काढून टाकतो.

सरकारनं यंत्र सुधारायचा रस्ता धरला. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये ब्रेकचे नियम आले, २०१५ पासून नव्या जड वाहनांना एबीएस सक्तीचा झाला. एबीएस चांगलाच आहे. ओल्या रस्त्यावर चाक लॉक होऊ देत नाही. पण तापलेल्या ड्रमला तो काही करू शकत नाही. पुन्हा जोराच्याच प्रश्नावर उत्तर.

४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यात पळासनेरला काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. मध्य प्रदेशकडून धुळ्याकडे येणारा कंटेनर. त्यानं दोन मोटारसायकली, एक कार आणि दुसऱ्या एका कंटेनरला धडक दिली आणि महामार्गालगतच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली, वीसपेक्षा जास्त जखमी. त्यात बसथांब्यावर उभी असलेली माणसं होती. पोलिसांची पहिली माहिती दोन शब्दांची होती: ब्रेक फेल. त्या गाडीत नेमकं काय घडलं यावर मी निकाल देत नाही, तो माझा अधिकार नाही. पण पळासनेर सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. बिजासन उतरून आलेल्या प्रत्येक गाडीचे ड्रम तिथे सगळ्यात गरम असतात. बसथांबा, हॉटेल, दुकानं नेमकी तिथेच.

त्याच वर्षी ऑगस्टपासून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं औट्रम घाटातून जड वाहनांना बंदी झाली. कोंडी आणि अपघातांना लोक कंटाळले होते. ट्रक लांबच्या वाटेनं जायला लागले. औट्रमच्या घाटावर दोनशे वर्षांनी शोधलेलं उत्तर हे, की जड गाडीनं या घाटात यायचंच नाही.

तर मग, काय बसवावं?

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुमच्याकडे पिकअप असो, ४०७ असो, छोटा हत्ती असो की दहा चाकी, गॅरेजवाल्याला आधी विचारा: “माझा त्रास जोराचा आहे की उष्णतेचा?” ओळखायला सोपं आहे. गाडी गार असताना, गावातसुद्धा ब्रेक कमी लागतो? मग जोराचा किंवा ॲडजस्टमेंटचा प्रश्न. गावात छान लागतो आणि घाटात, भरलेल्या गाडीत कमी पडतो? मग उष्णतेचा. दुसऱ्या त्रासावर मोठा बूस्टर बसवून घेणं म्हणजे पाणी कमी येतंय म्हणून नळ मोठा बसवण्यासारखं आहे. टाकी तेवढीच राहते.

मग क्रम असा ठेवा, स्वस्तापासून महागाकडे:

१. ॲडजस्टमेंट. सगळ्या चाकांच्या सळईचा प्रवास मोजून घ्या, नुसतं “टाईट करून दिलं” यावर जाऊ नका. ऑटोमॅटिक ॲडजस्टर असेल तर तो वारंवार हातानं फिरवायचा नसतो. त्याला हात लावावा लागतोय म्हणजे तो किंवा दुसरं काहीतरी खराब आहे.

२. ऑइल ब्रेक असेल तर तेल बदला. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा पितं. डॉट-३ नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, ओलावा प्यायल्यावर ही मर्यादा १४० वर येते. डॉट-४ ची अनुक्रमे २३० आणि १५५. दर दोन वर्षांनी बदललेलं तेल ही सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे.

३. लायनिंग आणि ड्रम. दोन्ही बाजूंना एकाच प्रतीचं लायनिंग. ड्रम लेथवर कातून वापरायला मर्यादा असते, ती ड्रमवर किंवा कंपनीच्या पुस्तकात दिलेली असते. कातलेला ड्रम पातळ होतो, पातळ लोखंड कमी उष्णता साठवतं. गावात फरक कळत नाही, घाटात कळतो.

४. एक्झॉस्ट ब्रेक. तुमच्या गाडीला कंपनीनं दिलेला असेल आणि बंद पडून पडला असेल तर आधी तो दुरुस्त करा. नवी गाडी घेताना पर्याय असेल तर त्यावर पैसे घाला. उष्णता ड्रमबाहेर पाठवणारं साधन तेच.

५. मोठे ड्रम, डिस्क वगैरे बदल सगळ्यात शेवटी, आणि कंपनीनं त्याच मॉडेलसाठी दिलेले असतील तरच. पुढचा ब्रेक वाढवला आणि मागचा तोच ठेवला तर गाडीचा तोल बिघडतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी तेच बोट ठेवते.

या यादीच्या वर शून्य क्रमांकाला एक गोष्ट आहे, ती विकत मिळत नाही. घाट सुरू व्हायच्या आधी गिअर खाली घ्यायचा. उतरायला लागल्यावर गिअर पडेलच याची खात्री नसते. जुने ड्रायव्हर म्हणतात ज्या गिअरमध्ये चढाल त्यात उतरा. आजच्या गाड्यांना त्याहून एखादा गिअर खालीच बरा, कारण नवी इंजिनं चढताना जास्त ताकद देतात. आणि न्यूट्रल कधीच नाही.

जाता जाता एक विनंती, इतिहासाचा विद्यार्थी म्हणून. यापुढे बातमीत ‘ब्रेक फेल’ वाचलंत तर तिथे थांबू नका. गाडीत किती टन होते? घाट कुठल्या गिअरमध्ये उतरला? ॲडजस्टर शेवटचा कधी तपासला? खेप किती तासांत पोचवायची होती आणि ती वेळ कुणी ठरवली? हे प्रश्न पंचनाम्यात आले तर पन्नास वर्षांनी माझ्यासारख्याला उत्तरं सापडतील. आणि त्याच्या कितीतरी आधी, पळासनेरच्या थांब्यावर बसची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाला त्यांचा उपयोग होईल.

पुढच्या लेखात केळीच्या वॅगन आणि ट्रक यांच्या स्पर्धेबद्दल लिहीन. तुमच्या घरात कुणी जुने ड्रायव्हर किंवा मिस्तरी असतील तर त्यांना औट्रम घाटाबद्दल विचारा आणि ते जे सांगतील ते लिहून ठेवा. त्यातलं बरंच कुठल्याही सरकारी कागदात सापडणार नाही.